पायजमा कुणाचा?

दर जानेवारीत आमच्या शाळेत स्नेहसंमेलन असतं आणि दर स्नेहसंमेलनात एक देखावा असतो, 'विविधतेत एकता'. तुम्हीही आपापल्या शाळेत तो पाहिला असेल, कदाचित त्यात उभेही राहिला असाल. एक मुलगा धोतर नेसलेला, एक पगडी बांधलेला, एक सूट-पँट घालून गळ्यात क्रॉस अडकवलेला आणि एक पांढरा पायजमा, कुर्ता, जाळीची टोपी घातलेला. चौघं हात धरून उभे राहतात, मागे देशभक्तीचं गाणं लागतं, पालक मोबाइल वर करतात. संपलं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. त्यामुळे 'एकता' हा विषय आपोआप माझ्याच गळ्यात येतो. कपड्यांची यादीही गेली कित्येक वर्षं मीच करते. दोन वर्षांपूर्वी ती वर्गात वाचून दाखवली तेव्हा 'मुस्लिम' म्हणून निवडलेला चौथीतला मुलगा उभा राहिला.

"बाई, आमच्या घराक पायजमो नाय."

"म्हणजे?"

"दादा लुंगी नेसता. पप्पा बर्मुडा घालतत."

"मग कुणाकडून तरी मागून आण," मी म्हणाले. त्याने जरा विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला. "शेजारच्या काकांकडे आसा. ते भजनाक जाताना घालतत."

वर्ग हसला, मीही हसले. घरी आल्यावर मात्र ते हसू घशात अडकलं. मुसलमान दिसण्यासाठी एका मुसलमान मुलाला हिंदू शेजाऱ्याकडून पायजमा उसना आणावा लागणार होता, आणि ती यादी मी केली होती. दुसऱ्या कुणी केली असती तर मी त्यावर रागाने चार ओळी लिहिल्या असत्या. आता राग कुणावर काढणार?

माझ्याच घरचं सांगते. माझे अब्बा आयुष्यभर लुंगी नेसले. मालवणच्या किनाऱ्यावर ज्याला होडी पाण्यात ढकलायची असते, गुडघाभर पाण्यातून टोपली घेऊन यायचं असतं, त्याला दुसरं काही परवडत नाही. पाणी आलं की लुंगी एका झटक्यात वर दुमडली जाते, घरी आलं की खाली सोडली जाते, आणि वाळतेही घटकाभरात. खाऱ्या पाण्याने भिजलेली पँट मांड्यांना कशी घासते हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. शेजारचे गाबीत काकाही तशीच लुंगी नेसायचे. चौकड्याच्या त्या दोन लुंग्या एकाच दोरीवर वाळत असल्या तर कुठली कुणाची हे त्या दोघांच्या बायकांनाच ओळखता यायचं.

आणि दादी लुगडं नेसायची. पाच वेळची नमाजी, रमजानचे तीसही रोजे न चुकता धरणारी, डोक्यावरचा पदर झोपेतसुद्धा न ढळणारी बाई. मी आठवीत गेले तेव्हा अब्बांनी मुंबईहून माझ्यासाठी पहिला पंजाबी ड्रेस आणला. आकाशी रंगाचा, सलवारीला पायापाशी कडक बुकरम घातलेला. तो घालून मी अंगणात आले. दादी माडाच्या झावळ्यांचे हीर काढत बसली होती. तिने मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "ह्या काय? घोड्यार बसूचा आसा काय तुका?"

मला रडू आलं होतं. घोड्याचा काय संबंध? घोडा मी तोवर पाहिला होता तो एकदाच, कोल्हापुरात रंकाळ्यावर. ही म्हातारी काहीही बोलते, असं तेव्हा वाटलं. पुढे तीस वर्षांनी त्या यादीच्या निमित्ताने वाचायला बसले आणि कळलं की दादी काहीही बोलत नव्हती.

आजवर सापडलेली जगातली सर्वांत जुनी विजार चीनच्या पश्चिमेला, शिनजियांगमधल्या तुर्फानच्या खोऱ्यात मिळाली. यांघाई नावाच्या ठिकाणच्या जुन्या कबरींमध्ये. तो भाग इतका कोरडा आहे की लोकर, चामडं, माणसाची त्वचा, सगळं तीन हजार वर्षं टिकून राहिलं. उलरिके बेक आणि मायके वाग्नर या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या विजारींवर अभ्यास प्रसिद्ध केला. वय साधारण ३००० ते ३३०० वर्षं. ज्या माणसाच्या अंगावर त्यातली एक होती तो चाळिशीतला होता. त्याच्याजवळ ठेवलेल्या वस्तूंमध्ये घोड्याचा लगाम होता, चाबूक होता, कुऱ्हाड होती. म्हणजे हा स्वार होता.

त्या विजारीची बनावट वाचून मी थक्क झाले. कापड कुठेही कापलेलं नाही. दोन पायांचे दोन तुकडे आणि मध्ये बैठकीचा एक रुंद तुकडा, असे तिन्ही तुकडे मापानुसार मागावरच विणले आणि मग एकमेकांना शिवले. बैठकीचा तुकडा मुद्दाम ऐसपैस, पाय फाकवून घोड्यावर बसता यावं म्हणून. गुडघ्यापाशी विणकाम वेगळं आणि जाड, तिथे नक्षीही आहे. कमरेला बांधायला बंद. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या विणकराला आजच्या कुठल्याही शिंप्याइतकं पक्कं माहीत होतं की विजार फाटते ती आधी कुठे.

विजारीचा उगम असा घोड्याच्या पाठीवर आहे. मध्य आशियातल्या भटक्या टोळ्यांना दिवसदिवस घोड्यावर बसायचं होतं. उघड्या मांड्या खोगिराला आणि घोड्याच्या घामाला घासून सोलवटून निघत. गुंडाळायच्या वस्त्राने ते काम नीट होत नाही. आता धोतराला काष्टा घातला की तीही बिनशिवणीची विजारच होते, नऊवारीचंही तेच, हे मला मान्य आहे. काष्टा घालून घोडी फेकणाऱ्या बायका आपल्या इतिहासात आहेत. पण गवताळ प्रदेशातल्या थंडीत, लोकरीच्या कापडात, शिवलेली विजारच सोयीची.

मग जिथे जिथे घोडेस्वार पोचले तिथे तिथे ती पोचली, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आधी तिची टिंगल झाली. चीनमधल्या झाओ राज्याच्या वूलिंग राजाने इ.स.पू. ३०७ मध्ये आपल्या सैन्याला लांब झगे सोडून भटक्यांसारख्या विजारी घालायला आणि घोड्यावरून बाण मारायला लावलं, तेव्हा त्याचे सरदारच विरोधात गेले. रानटी लोकांचा वेश आपण का घालायचा, असं त्यांचं म्हणणं. ग्रीकांना इराण्यांच्या रंगीबेरंगी तुमानी हास्यास्पद वाटायच्या. रोमन लोक तर विजार हीच रानटीपणाची खूण समजत. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट होनोरियसच्या राजवटीत रोम शहरात विजार घालून फिरायला कायद्याने बंदी आली; मोडली तर मालमत्ता जप्त आणि हद्दपारी. ते साम्राज्य पुढे ज्या लोकांच्या हाती गेलं ते विजारवालेच होते.

इराणमधल्या पर्सेपोलिसच्या जिन्यावरचं एक शिल्प मला फार आवडतं. प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, फोटोतच. अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो महाल. पायऱ्यांच्या भिंतीवर निरनिराळ्या देशांची माणसं राजासाठी नजराणे घेऊन रांगेने चाललेली कोरली आहेत. त्यात टोकदार टोप्यांचे शक आहेत. त्यांनी घोडा आणलाय, कडी आणलीत, अंगरखा आणलाय आणि हातात एक विजारही धरलीय, राजाला भेट म्हणून! त्याच जिन्यावर आपल्याकडचीही माणसं आहेत. उघड्या अंगाची, कमरेला वस्त्र गुंडाळलेली, आणि त्यातल्या एकाच्या खांद्यावर चक्क कावड. आमच्या बंदरावरून आत्ता उठून गेला असावा असा तो माणूस दिसतो.

हे शक आपल्याला परके नाहीत. भिंतीवरची दिनदर्शिका काढून बघा, 'शके' लिहिलेलं असतं. इ.स. ७८ पासूनची ती कालगणना. नाव शालिवाहनाचं लावलेलं असलं तरी 'शके' तिथे आहेच. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. शक कुळातला हा माणूस ब्राह्मणांना गाई देतो आणि बौद्ध भिक्षूंसाठी लेणं खोदून घेतो, सगळं महाराष्ट्राच्या मातीत. सत्यनारायणाच्या संकल्पात भटजी 'शके' म्हणतात तेव्हा विजार घालणाऱ्या घोडेस्वारांचं नाव घेतलं जात असतं. त्यात कुणाला काही खटकत नाही, आणि खटकू नयेच.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आपल्याकडे सर्रास सांगतात की शिवलेले कपडे, विशेषतः पायजमा, मुसलमानांनी इथे आणला, त्याआधी सगळे धोतर-उपरणंवाले होते. मीही हे वर्गात सांगितलंय, खोटं कशाला बोलू? इस्लामचा उदय सातव्या शतकातला. मथुरेच्या संग्रहालयात कुषाण राजा कनिष्काचा पुतळा आहे, डोकं तुटलेला. अंगात घोळदार लांब कोट आणि पायात जाडजूड बूट. तो इस्लामच्या कितीतरी शतकं आधीचा. अश्वमेध करणारा समुद्रगुप्त स्वतःच्या सोन्याच्या नाण्यावर अंगरखा आणि तुमान घालून उभा आहे. त्याला कुणी 'मुस्लिम वेशभूषा' म्हणणार आहे का? हर्षवर्धनाच्या दरबारातल्या बाणभट्टाने 'हर्षचरिता'त राजेलोकांच्या तीन प्रकारच्या विजारींची नावं दिली आहेत: स्वस्थान, पिंगा आणि सतुला. त्यातल्या 'स्वस्थान'पासूनच पुढे 'सुथना' हा शब्द आला असं अभ्यासक सांगतात.

याहून जवळचा पुरावा तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता आणि तरी पाहिला नव्हता. बी.एड.ला असताना आमची सहल अजिंठ्याला गेली होती. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात सगळ्यांप्रमाणे मीही पद्मपाणीसमोर उभी राहिले. त्याच लेण्यात टोकदार टोप्या घातलेली, दाढीवाली, लांब बाह्यांचे अंगरखे आणि विजारी घातलेली परदेशी माणसं रंगवलेली आहेत. गाइडने बॅटरीचा झोत तिकडे नेऊन "हे इराणी" म्हटलं आणि झोत पुढे सरकला. माझ्या शेजारची मैत्रीण कुजबुजली, "बघ, तुमचे लोक." मी हसून मान डोलावली. ती चित्रं पाचव्या-सहाव्या शतकातली. तेव्हा 'आमचे लोक' जगात कुठेच नव्हते! पण तिला ते माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. एक विजार दिसली आणि आम्ही दोघींनी मिळून तिचा धर्म ठरवून टाकला.

दिल्लीच्या सुलतानांबरोबर, बहामनींबरोबर, मोगलांबरोबर पायजम्याचं चलन वाढलं, दरबारी वेश म्हणून तो रुळला, हे खरंच आहे. पण तो वेश दरबाराचा होता. त्या दरबारात जो जाई तो घाली, राजपूत असो, कायस्थ असो की मराठा. शिवाजी महाराजांचं कुठलंही जुनं चित्र काढा. अंगरख्याखाली तंग सुरवार आहे. मराठी फौजेतल्या स्वारांची गुडघ्याशी येणारी तोकडी तुमान म्हणजे चोळणा. घोडा होता म्हणून विजार होती.

आणि आमच्या कोकणपट्टीत घोडा नव्हता. म्हणजे तो इथे उतरायचा, थांबायचा नाही. अरबस्तानातले, इराणातले घोडे चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांत गलबतांतून उतरत आणि घाट चढून बहामनींकडे, विजयनगरकडे जात. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला होता. इथली माणसं उघडीवाघडी फिरतात याचं त्याला केवढं आश्चर्य वाटलं, ते त्याने लिहून ठेवलंय. पुढे जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि तो परत मिळवताना त्याची पुरेवाट झाली, ती हकिकत मुळातून वाचण्यासारखी आहे. घोडे घाटावर गेले, त्यांच्याबरोबर विजारीही घाटावर गेल्या. खाली राहिल्या होड्या. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. त्यांच्या आरमारात दौलतखान होता तसेच भंडारीही होते. डेकवर उभं राहून मांड्या घासत नाहीत. समुद्रावरच्या माणसाला कमी कपडा लागतो आणि तो लवकर वाळावा लागतो. त्यात हिंदू-मुसलमान काय करणार?

इथून जवळच, गोव्यात, विजारीची गोष्ट इतकी निरागस राहिली नाही. १७३६ मध्ये तिथल्या इन्क्विझिशनने हुकूम काढून स्थानिक ख्रिश्चनांच्या कितीतरी रीतींवर बंदी घातली. पुरुषांनी पुडवें, म्हणजे धोतर, नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. घराबाहेरही नाही आणि घरातही नाही. आज कोंकणीत विजारीला 'कालसांव' म्हणतात, पोर्तुगीज शब्द आहे. आमच्या देखाव्यातला तो सूट-पँटवाला ख्रिश्चन मुलगा आठवला आणि मी यादीचा कागद पुन्हा काढून बघितला. त्याच्या नावापुढे माझ्याच अक्षरात 'पँट (काळी)' लिहिलेलं होतं.

आता आमच्या घरातलं, म्हणजे धर्मातलं बघू. पायजमा हा शब्द फारसी: 'पाय' आणि 'जामा', पायांचं वस्त्र. सलवारही मूळची फारसी, अरबीत तिची 'सिरवाल' झाली. अरबांचं स्वतःचं वस्त्र वेगळंच होतं, 'इजार': न शिवलेला, कमरेला गुंडाळायचा कपडा. सरळ मालवणीत सांगायचं तर लुंगी. पैगंबर साहेबांच्या वेशाविषयीच्या हदीसमध्ये हा इजार वारंवार येतो. घोट्याच्या वर की खाली म्हणून जे वाद आज पँटच्या मोहरीवरून घालतात, ते मुळात इजारविषयी आहेत.

उर्दूत इजार म्हणजे पायजमाच झाला. नाडीला आम्ही 'इजारबंद' म्हणतो. आणि मराठीत? मराठी तोंडाला नुसती 'इ' पुरली नाही, तिने पुढे 'व' जोडला आणि झाली 'विजार'. अरबस्तानात लुंगी असलेला शब्द महाराष्ट्रात येईपर्यंत दोन पायांचा होऊन बसला! मी दोन्ही भाषा शिकवते, दोन्ही शब्द रोज वापरते, आणि वीस वर्षांत ते एकच आहेत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शब्दांचं असंच असतं म्हणा. हिंदीतला लहंगा बाईचा आणि मराठीतला लेंगा पुरुषाचा, त्यावर कुणाला कोडं पडत नाही. आणि पायजमा इंग्रजांबरोबर विलायतेला गेला तो झोपण्याचा कपडा होऊन. आता तिथला नाइट ड्रेस म्हणून आपल्याकडे परत विकायला येतो.

अब्बा हजला गेले तेव्हाची गोष्ट. जायचं ठरलं तसे त्यांनी तीन पांढरे पायजमे शिवून घेतले. गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं, अल्लाच्या घरी लुंगीवर जाणार काय? मुंबईला हज हाउसमध्ये गेल्यावर मौलानांनी सांगितलं की एहरामच्या अवस्थेत पुरुषाला शिवलेलं काही चालत नाही. कुर्ता नाही, पायजमा नाही. दोन चादरी, एक खांद्यावर, एक कमरेला. ती कमरेची चादर म्हणजेच इजार. इजार मिळालाच नाही तर नाइलाज म्हणून सिरवाल चालेल, अशी सवलत हदीसमध्ये आहे. म्हणजे पसंतीचा क्रम उघड आहे. अब्बा सांगायचे, मुंबई-पुण्याचे मोठमोठे साहेब लोक तिथे घामाघूम झाले होते. जन्मभर पँट घातलेली. चादर कमरेवर टिकेना. कुणी पट्टा आवळतोय, कुणी पिना शोधतोय. अब्बांनी एका वळणात आपली चादर खोचली आणि मग त्या खोलीतल्या आठ-दहा जणांना खोचायला शिकवली. एका साहेबाने काळजीने विचारलं, सुटली तर? अब्बा म्हणाले, "चाळीस वर्सां होडयेत नाय सुटली, आता सुटतली काय?"

ते तीन पायजमे घडी न मोडता परत आले. एक अजून कपाटात आहे.

बायकांच्या विजारीची कथा आणखी वाकडी आहे. मी बी.एड. केलं तेव्हा सराव पाठांना साडीच नेसावी लागे. हा नियम कुठे लिहिलेला होता की नुसताच हवेत होता, देव जाणे. मी एकदा सलवार-कमीज घालून पाठ घ्यायला गेले तर बाईंनी दारातच थांबवलं. "शिक्षिका दिसायला हवीस," त्या म्हणाल्या, आणि मग जरा हळू आवाजात, "आणि इथे आपण सगळ्या सारख्याच दिसायला हव्यात." पहिलं वाक्य मला समजलं. दुसरं समजायला एसटीत बसून घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला. नोकरी लागली आणि मी साडी अंगवळणी पाडून घेतली, तोवर आमच्याच लोकांतून निरोप येऊ लागले: साडीत पोट दिसतं, साडी आपली नव्हे, सलवारच आपली. मी म्हटलं, माझी दादी? त्यावर उत्तर आलं, त्यांना त्या काळी समज नव्हती. माझ्या दादीला! हा एक शब्द मी अजून माफ केलेला नाही.

याच वर्षांत सुदानमधून लुब्ना हुसेन हिची बातमी आली. २००९ मध्ये खार्टूमच्या एका हॉटेलातून पोलिसांनी तेरा जणींना पकडलं, गुन्हा काय तर पँट घातली. त्यांपैकी काहींना फटके मारण्यात आले. पत्रकार असलेल्या लुब्नाने फटके खाऊन सुटायचं नाकारलं आणि खटला उभा राहू दिला. ५०० पौंड दंड झाला, तो भरण्यापेक्षा ती तुरुंगात गेली. दुसऱ्या दिवशी पत्रकार संघटनेने परस्पर दंड भरला. म्हणजे आमच्याकडे बाईने विजार घालावी हा धर्म, आणि तिकडे बाईने विजार घातली हा अधर्म. आणि हे फक्त मुसलमानांचं म्हणू नका. पॅरिसमध्ये १८०० सालच्या एका फर्मानानुसार बाईला विजार घालायची तर पोलिसांची परवानगी लागायची. १८९२ आणि १९०९ मध्ये त्यात सूट दिली, कुणाला? जिच्या हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तिला. ते फर्मान मोडीत निघाल्याचं सरकारने जाहीर केलं ते २०१३ मध्ये, आणि जाहीर करणाऱ्या मंत्री नजात वालो-बेल्कासेम या मोरोक्कोत जन्मलेल्या.

घोड्याचा लगाम! ते वाचताना मला दादीचा आवाज ऐकू आला. आज आमच्या शाळेतल्या झाडून सगळ्या शिक्षिका, हिंदू असोत की मुसलमान, पंजाबी ड्रेस घालून स्कूटीवर येतात. मीही. घोड्यावर बसायचं आहे का, या दादीच्या प्रश्नाला आता उत्तर देता आलं असतं. ती गेली तेव्हा तिची लुगडी घरात कुणीच नेसणार नव्हतं. अम्मीने त्यांच्या गोधड्या शिवल्या. माझ्या वाट्याला आलेली हिरवी आहे.

त्या वर्षीच्या देखाव्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी यादीतला 'पायजमा' खोडला आणि त्या मुलाला सांगितलं, "दादा नेसतात तेच नेसून ये." मुख्याध्यापकांना आधी पटलं नाही. "अहो, लोकांना कळणार कसं तो मुस्लिम आहे ते?" त्यांनी विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. टोपी राहू दे, यावर तडजोड झाली. कार्यक्रमानंतर आमच्याच वस्तीतले एक गृहस्थ मला गाठून म्हणाले, "बाई, चारचौघांत आमच्या पोराला लुंगीवर उभं करून आमचं हसं केलंत. पांढरा पायजमा किती छान दिसला असता." त्यांच्या स्वतःच्या अंगावर पँट होती, इस्त्रीची.

स्टेजवर मात्र वेगळीच धांदल उडाली. लुंगी आजोबांची, मुलगा चौथीतला. अर्धं गाणं होईपर्यंत ती सुटायला लागली. शेजारच्या धोतरवाल्याचा हात सोडून त्याने एका हाताने ती धरली आणि दुसऱ्या हाताने सरदारजीचा हात. तिसऱ्या रांगेत त्याचे आजोबा उठून उभे राहिले आणि भर मंडपात स्वतःची लुंगी धरून त्याला खुणेने दाखवू लागले: उजवीकडचं टोक डावीकडे, मग आत, मग खाली एक घडी. तो स्टेजवरून बघत होता आणि तसंच करत होता. धोतरवाला मुलगाही वाकून त्याला मदत करत होता, कारण त्याचाही सोगा सुटत आला होता.